शरयूताईंकडचा लसूण

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट कोथरूडमधल्या एका तळमजल्याच्या दारात झाली. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, कॉलेज सोडून दोन महिने झाले होते आणि घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. माझे दोन्ही पाय जन्मापासून ताठर आहेत आणि डावा हात कमजोर आहे. मी कुबड्यांवर चालतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर गेला. लिफ्ट नव्हती. रोज चार मुलं मला उचलून वर नेत. एके दिवशी जिन्यात त्यांतला एक जण म्हणाला, "सरका रे, गणपती आले," आणि सगळा जिना हसला. मी त्याच्या पाठीत कुबडी घातली. त्यानंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. माझं चुकलं असं मला आजही पूर्ण वाटत नाही, पण ते असो.

आई मला ताईंकडे घेऊन आली ती शेवटचा उपाय म्हणून. ताईंनी दार उघडलं. आई सवयीने माझे बूट काढायला वाकली.

"आपण आत या," ताई आईला म्हणाल्या. "ते येतील."

'ते' म्हणजे मी. आई म्हणाली, "अहो, त्याला नाही जमत. गुडघ्यापर्यंत पट्टे असतात."

"मग वेळ लागेल. या आपण."

दार उघडंच ठेवून त्या दोघी आत गेल्या. मी पायरीवर बसलो. एका हाताने पट्टे सोडवायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी ताईंना मनातल्या मनात जे जे म्हणालो ते त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही. शेवटी आत गेलो, तर आईच्या पुढ्यात लसणाची वाटी होती. ती एकेक पाकळी सोलत होती आणि मधूनच डोळ्यांना पदर लावत होती. कांदा नव्हता, लसूणच होता.

ताईंना दुरून ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. ताईंनी सगळी नोकरी एका रुग्णालयात केली. अपघातानंतर किंवा जन्मतःच ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना रोजच्या कामांसाठी ते वापरायला शिकवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी समोरासमोरचे दोन फ्लॅट घेतले, काही विश्वस्त गोळा केले आणि सरावघर सुरू केलं. एका बाजूला आम्ही तीन मुलं, दुसऱ्या बाजूला तीन मुली, सगळ्यांचं वय विशीतलं. स्वयंपाकघर मुलींकडच्या फ्लॅटमध्ये होतं, तेच सगळ्यांचं. तिथे दोन वर्षं राहायचं, भात लावायला, कपडे धुवायला, एकट्याने बसने जायला, आणि विनाकारण हात धरणाऱ्याला 'नको' म्हणायला शिकायचं. मग बाहेर स्वतःची खोली घेऊन राहायचं.

लसूण हा त्या घराचा नियम होता. कुणी काम करत असेल आणि दुसरा बघत असेल, तर बघणाऱ्याने लसूण सोलायचा. आईवडील भेटायला आले की आधी त्यांच्या हातात वाटी. ताई म्हणत, "बघायला काहीच हरकत नाही. पण हात मोकळा असला की तो पुढे जातो." मुलाच्या हातून ताट निसटताना दिसलं तरी आई उठू शकत नसे, कारण मांडीवर वाटी आणि नखांत सालं. सरावघरातल्या आया एकमेकींना बोटांच्या वासावरून ओळखतात असा विनोद आमच्यात होता. चटणी, आमटी, भाजी, सगळ्यात लसूण. चतुर्थीला काय करायचं असं एका काकूंनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "चतुर्थीला शेंगा सोला."

दुसरा नियम, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला अहोजाहो. आमच्यासारख्यांना जग मिशा आल्या तरी बाळ म्हणतं. वॉचमन बाळ म्हणतो, बँकेतली बाई आपल्याला सोडून आईला विचारते, "याला सही येते का?" ताई आम्हाला रागावायच्या तेही आदरानेच. मला म्हणायच्या, "मंदार, आपण मोरी धुतलीत की नुसती ओली केलीत?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा तक्रार आणली की दुपारी तुमच्या मुलांच्या कुबड्या वाजतात, झोपमोड होते. ताई म्हणाल्या, "आपला मिक्सर पहाटे वाजतो. आम्ही तेव्हा उठायची सवय लावून घेतली. आपणही दुपारी उठून बघा, बराच वेळ मिळतो." त्यानंतर तक्रार आली नाही, दिवाळीचा फराळही आला नाही.

त्यांची माया कशी होती ते मला बसच्या दिवशी कळलं. मला पहिल्यांदा एकट्याने डेक्कनला जाऊन परत यायचं होतं. मला खात्री होती की त्यांनी मागून कुणालातरी पाठवलं असणार. प्रत्येक थांब्यावर मी मागे वळून बघत होतो. कुणी नव्हतं. येताना एक बस मी चढण्याआधीच निघून गेली, दुसरीत कंडक्टरशी भांडण झालं, आणि दोन तासांचं काम पाच तासांवर गेलं. घरी आलो तर ताईंनी मान वर करून एवढंच विचारलं, "तिकीट काढलंत ना?" मी चिडून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर मोठ्या डब्यात काठोकाठ सोललेला लसूण होता. आठवडाभर आम्ही तोच खात होतो.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. या ग्रंथात इतर मान्यवरांनी त्या प्रसंगाला 'दुर्दैवी घटना' म्हटलं असेल, किंवा सौजन्याने टाळलं असेल. मला टाळता येणार नाही. कारण ती घटना माझ्यामुळे झाली, आणि तिचा दोष इतकी वर्षं ताईंच्या माथ्यावर आहे.

रेवती लोणी काळभोरची. तिला लहानपणापासून फार कमी दिसतं, उजेड आणि आकार, बस. घरची शेती, मोठा भाऊ सोपानदादा, वहिनी. घरात तिला कुणी वाईट वागवलं नाही. नुसतं बसवून ठेवलं. हट्ट करून ती सरावघरात आली. सोपानदादांनी शब्द दिला होता की दोन वर्षांच्या शेवटी तिचा 'एकटा दिवस' नीट पार पडला तर तिला कोथरूडमध्ये खोली घेऊन राहू देऊ. एका बालवाडीत गाणी शिकवण्याचं काम तिला तयारच होतं. नाही जमलं तर लोणीला परत.

एकटा दिवस म्हणजे ताईंची शेवटची पायरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात दुसरं कुणी नाही. सगळं आपलं आपण. त्याआधी महिनाभर रोज सराव, आणि सरावाला दुसरा एक जण बघायला. बघणाऱ्याने लसूण सोलत बघायचं आणि शेवटी भिंतीवर टांगलेल्या वहीत प्रत्येक कामापुढे लिहायचं, 'स्वतः' किंवा 'मदतीने'. रेवतीच्या सरावाला बघायची पाळी माझी होती. ती मी मागून घेतली होती. मी तिच्या प्रेमात होतो. अजून आहे. गौरवग्रंथात हे वाक्य शोभत नसेल तर संपादकांनी काढावं, पण मग पुढचं काहीच कळणार नाही.

रेवती सगळं शिकली होती. चपात्या माझ्यापेक्षा गोल करायची. अडायचं फक्त फोडणीशी. ताईंनी शिकवलं होतं की तेलावर जरा उंच तळवा धरायचा, धग कळली की मोहरीचा एकच दाणा टाकून ऐकायचं, तडतडला की बाकीचं. तिसऱ्या दिवशी एक दाणा उडून तिच्या गालावर बसला. त्यानंतर तिचा हात फोडणीच्या छोट्या लोखंडी कढल्यावर थांबेना.

"मंदार, तापलं का रे तेल?"

"थांब जरा."

"तू बघतोयस ना, सांग की मग. नाहीतर तूच टाक."

मी वाटी खाली ठेवली. "सरक."

"ताई आल्या तर?"

"ताई बाजारात गेल्यात."

"वहीत काय लिहिशील?"

"काय लिहू?"

"दादाला आवडेल ते लिही," ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्यासाठी मी जवळजवळ महिनाभर रोज तिची फोडणी घातली आणि रोज वहीत लिहिलं, 'फोडणी: स्वतः'. मला वाटत होतं मी तिला वाचवतोय. मला जिन्यातून उचलून नेणाऱ्या मुलांनाही बहुतेक तसंच वाटत असावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एकट्या दिवशी नियमाप्रमाणे आम्ही सगळे बाहेर. ताई समोरच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसल्या. मी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसून होतो. दुपारी बाराच्या सुमाराला माणसं गेटातून आत धावताना दिसली. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. रेवतीने अंदाजाने तेल तापू दिलं होतं, फार तापू दिलं होतं, आणि धुतलेला कढीपत्ता तसाच ओला टाकला. भडका उडाला, ती मागे सरली, कढलं हातावर कलंडलं. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. गॅस तिने स्वतः बंद केला होता. तेवढं ती खरोखर शिकली होती.

दवाखान्यात सोपानदादा आले ते शेतातल्या कपड्यांवरच. हा माणूस दर महिन्याला सरावघरात यायचा, बोलत बोलत वाटीभर लसूण संपवायचा आणि म्हणायचा, "बाई, आमच्या शेतातला आणू का, ह्यो लई बारीक हाय." त्या दिवशी ते ताईंसमोर उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "शिकाया पाठवली व्हती तुमच्याकडं. भाजाया न्हाई."

ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे. ती तयार नव्हती. मी तपासायला हवं होतं."

"वहीत तर सगळं बरोबर लिवलंय म्हनली ती."

"वही माझी आहे," ताई म्हणाल्या.

मी तिथे तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. एका विनोदासाठी मुलाच्या पाठीत कुबडी घालणारा मी. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ती वेळ गेली ती गेली. त्याच दिवशी रेवतीचं सामान लोणीला गेलं.

पंधरा दिवसांनी मी ताईंना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दवाखान्यात गेल्यावर. तुमच्या पाळीच्या दिवशी वाटीतला लसूण तसाच असायचा, मंदार. रोज. मला दिसत होता. मला वाटलं, तुम्ही नुसते तिच्याकडे बघत बसता. वय आहे, चालायचंच, म्हणून मी बोलले नाही." मग म्हणाल्या, "हा नियम मीच केला होता. आणि मीच वाटीत बघून सोडून दिलं. तेव्हा चूक माझी आहे म्हणाले, ते खोटं नव्हतं."

मी म्हणालो, सोपानदादांना जाऊन सांगतो. त्या म्हणाल्या, "सांगितलंत तर ते तुम्हाला मारतील, आणि रेवतीला तुमच्याशी बोलूही देणार नाहीत. तिचं काय भलं होणार?" मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ऐकायला बरं वाटलं.

पुढचं आपणा सर्वांना माहीत आहे. दोन कुटुंबांनी मुलं परत नेली. बाईंचं वय झालं, आता झेपत नाही, असं बोललं गेलं. बोलणाऱ्यांत आजच्या सत्कार समितीतलेही काही आहेत. विश्वस्तांनी ठराव करून सरावघरातला गॅस काढला आणि डबा सुरू केला. ओट्यावर आता पाण्याचं यंत्र आहे. तिथे राहणारी मुलं तीन-तीन वर्षं डबा खातात, आणि बाहेर कुणी पडत नाही. ताईंनी त्या ठरावाला विरोध केला नाही. सभेत त्यांना विचारलं गेलं, "आपली बाजू?" तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजू नाही. चूक आहे." त्या वेळी मागच्या रांगेत मीही बसलो होतो.

मी आज एका दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावण्याचं काम करतो आणि कर्वेनगरमध्ये एका खोलीत एकटा राहतो. स्वयंपाक स्वतः करतो. हे ताईंचं देणं. रेवती लोणीत आहे. हात भरून आला, पण तिला चुलीपाशी जाऊ देत नाहीत. तिच्या वाटचं जे आयुष्य होतं ते मी महिनाभरात संपवलं, आणि माझं मात्र सुरू आहे.

गेल्या वर्षी ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी त्यांना जाऊन सांगितलं की मी हे सगळं लिहिणार आहे.

"गौरवाचा लेख आहे की कबुलीजबाब?" त्यांनी विचारलं. बोलणं जरा जड झालंय, धार तशीच आहे.

"दोन्ही."

"रेवतीला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. मी लोणीला फोन लावला. सोपानदादांनी उचलला. या वेळी मी आधी त्यांनाच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्या बाईंना नको ते बोललो," आणि फोन तिच्या हातात दिला.

रेवती म्हणाली, "लिही. पण मीच 'तू टाक' म्हणाले होते, तेही लिही. मला बिचारी करून टाकू नकोस. मला भीती वाटायची, आणि तू केलंस की सुटल्यासारखं व्हायचं. ते माझं होतं."

मी विचारलं, "घरात आता काय करतेस?"

"बसते," ती म्हणाली. मग म्हणाली, "वहिनी आली. ठेवते."

लेख पुरा झाल्यावर ताईंना वाचून दाखवायला गेलो. त्या म्हणाल्या, वाचा, मी चहा करते. मी वाचत होतो आणि त्या डाव्या हाताने चहा करत होत्या. पातेलं पकडीत धरून कपात ओतताना हात थरथरायला लागला. चहा बशीत गेला, ओट्यावर गेला, पातेलं कलंडायला आलं. मी कागद टाकून कुबड्या ओढल्या.

"मंदार," त्या म्हणाल्या. मागे न बघता.

मी बसलो. टेबलावर वाटी होती. मी लसूण सोलायला घेतला. अर्धा कप भरायला त्यांना बराच वेळ लागला. तो कप त्यांनी स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला, आणि वाटीत वाकून बघितलं, किती झाला ते.

विश्वस्तांना माझी विनंती आहे की सरावघरात गॅस परत जोडावा. दोष कुणाचा होता ते आता लेखी आहे, माझ्या सहीने. या ग्रंथाची एक प्रत मी लोणीला पाठवणार आहे. सोपानदादांना माझा राग आला असेल तर तो त्यांनी माझ्यावर काढावा, कढलं मात्र रेवतीच्या हातात द्यावं.

आणि ताई, आपल्याला मागायचं तर एवढंच मागतो. आपला डावा हात पूर्वीच्या उजव्यासारखा चालो. आपल्याला इतकं आयुष्य मिळो, आणि तेही निरोगी, की एक दिवस लोणीच्या त्या घरात रेवती तेलावर तळवा धरून उभी असेल, मोहरीचा एक दाणा टाकून ऐकत असेल, आणि आपण, सोपानदादा आणि मी, तिघं तिच्या मागे बसून लसूण सोलत असू. कुणीही उठणार नाही.